पांढरी वोल्गा

९ एप्रिल
चहाखान्यात सहज बोलून गेलो की आमच्या पोराची, झाफरची, नवरी माझ्या वडिलांच्या वोल्गातूनच घरी येईल. काळी गाडी मी स्वतः घासून, रंगवून पांढरी करणार. पुढे ‘जमलं तर’ म्हणणार होतो, तेवढ्यात महल्ल्यातले वडीलधारे नेमत-बोबा यांनी हात पसरून दुआ केली आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. झालं. दुआ झालेला शब्द अख्ख्या मार्गिलानमध्ये कुणी मागे घेतलेला नाही. एका अर्थी बरंच झालं. मी प्रेशरखाली उत्तम काम करतो.

१० एप्रिल
मेहुणा तोलिब आला. म्हणाला, “दाजी, माझी नवी गाडी घ्या की. कारखान्यातूनच पांढरी आलीय.” टोमणा. दुर्लक्ष केलं.

१४ एप्रिल, सकाळ
संकल्प: रोज पहाटे उठून घासकाम.

१४ एप्रिल, दुपार
आज उशिरा उठलो. शरीराला सवय लागू द्यावी लागते.

२३ एप्रिल
घासकाम पूर्ण. छत सोडून. छत कोण बघतं? बायको ओयदिन म्हणाली, वरातीच्या वेळी बायका माडीवर उभ्या असतात, त्या छतच बघतात. या बाईला सपोर्ट म्हणून करता येत नाही.

२८ एप्रिल
रंग मारला! द्राक्षाच्या मांडवाखाली गाडी अशी झळकत होती की तोलिबला बोलावणं धाडलं.

तो यायच्या आत सासूबाईंनी इसिरिकच्या वाळक्या झुडपाची धुरी पेटवली आणि ओल्या गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या. काजळी चिकटली. जळक्या बियाही. म्हणाल्या, “जावईबापू, गल्ली डोळे फाडून बघत होती. दृष्ट नको काढायला?” म्हातारीला काय बोलणार. थँक्यू म्हणालो.

३० एप्रिल
काळजीचं कारण नाही. पॉलिशने ठिपके जातात. मशीन आणलं.

१ मे
ठिपके गेले. पांढरा रंगही गेला. कडांवर, दारांवर खालचा काळा वर आलाय. टू-टोन म्हणतात याला.

२ मे
तोलिबने विचारलं, दूध किती देते.
नेमत-बोबांना खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून चहाखान्यात गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते सगळ्यांना सांगायला लागले, “याचे वडील असते तर आज डोळे भरून बघितलं असतं पोराचं काम.” स्वतःच डोळे पुसले. चहा ढोसून परत आलो. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. पुरता अडकलोय.

४ मे, लग्न
सकाळी शेवटचा हात मारला. वाळायला थोडाच वेळ हवा होता. झाफर लग्नाचा नवा झगा, चोपान, घालून आला. विचारलं, “बाबा, बसू?” मी ओरडलो, हात लावू नकोस, ओली आहे. तो थांबला. मी म्हटलं दहा मिनिटं. पुन्हा म्हटलं दहा मिनिटं. बाहेर कर्णे वाजायला लागले. शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, “तुम्ही तरी चला.” मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी घेऊन येतोच.

तोलिबच्या गाडीतून गेले. पुढच्या सीटवर नेमत-बोबा. निघताना त्या गाडीसाठीही दुआ केली.

पेंटच्या वासाने डोळ्यांतून फार पाणी येत होतं. वरात परत आली तेव्हा मी डिकीच्या मागे होतो. नवरीच्या तोंडावर पडदा, माझ्या नाकावर फडकं. भेट राहिली.

५ मे, पहाट
वाळली एकदाची. पॉलिशला बसलो. नवी सून रीतीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडत आली. फार गुणी पोर आहे. मला बघून छातीवर हात ठेवून वाकली, सलाम केला. मग अदबीने म्हणाली, “उस्ताद, या गाडीच्या मालकांना सांगून ही जरा बाजूला घ्याल का? खालचा कचरा राहतोय.”
मी म्हटलं, मालक उठले की विचारतो.