हिरवं दार

मंगळवार, एडमंटन, कॅनडा

बाबांना आता फक्त त्या जुन्या ब्रिटिश कॉमेडी सिरियलमधलं हिरव्या दाराचं घर आठवतं. तेच आपलं घर, म्हणतात, आणि रोज संध्याकाळी तिकडे जायला स्नो बूट चढवतात.

आज मला कुठून दुर्बुद्धी सुचली! शूटिंग झालेली ती खरी गल्ली शोधून फोनवर दाखवली. वाटलं, खूश होतील. घर तेच, पण दार आता करडं.

"आता तुझ्या आईला घर सापडणार कसं?" म्हणत ढसाढसा रडले. आई गेली, हे पुन्हा कोणत्या तोंडाने सांगू? काय करून बसले मी हे...

उद्या आमच्याच दाराला हिरवा रंग मारते. पण मायनस ट्वेंटीत रंग वाळतो का?