आप्पांच्या नावावरची ठेव

तळवली, नवी मुंबई
२१ नोव्हेंबर १९९९

ती. विजयमालावन्संना वैशालीचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही बरे आहोत. भाविकाला खोकला होता, आता शाळेत जाते. आप्पांना जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून दिवाळीत कंदील लावला नाही. घरमालक कमळाकरकाकांच्या सुनेनं फराळाचं ताट आणून दिलं. चकल्यांना तुमच्या हाताची चव नव्हती. हे खरं सांगते, खुशामत नाही.

घराचं विचारलंत. सीवूड्सची वन रूम किचन गेली. बिल्डरनं दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती, वर आणखी थोडे दिवस थांबला. माणूस भला, पण त्यानं तरी किती थांबायचं? खिडकीचं माप मी पडद्यांसाठी घेऊन ठेवलं होतं. आता तिथे दुसरं कुणी पडदे लावेल.

गेल्या वर्षी तुम्ही आणि आप्पा इथे राहायला आला होतात, तेव्हा माझं काय चाललं होतं आठवतं ना? बुकिंगचे पैसे जमेपर्यंत ठेवायचे कुठे? पोस्टात, सरकारी बँकेत की सहकारी बँकेत? हे महाप्याहून कामावरून आले, की मी व्याजाचे दर वाचून दाखवायची. तुम्ही म्हणायचात, "एवढ्या वेळात घर बांधून झालं असतं गं बाई!" शेवटी सहकारी बँकेतल्या बाईंनी सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर ठेवा, अर्धा टक्का जास्त मिळेल. आप्पांना केवढा आनंद! सही करायला जाताना धुतलेला फेटा बांधला. "बघ विजू, म्हातारा झालो त्याचा पोरांना उपयोग झाला," हे ते तुम्हालाच म्हणाले होते.

मी ह्यांना म्हटलं, "दुसरं नाव तुमचं स्वतःचं घाला." पण हे कसले ऐकतायत! "बापाच्या नावाखाली स्वतःचं नाव लावू? मरायची वाट बघतोय असं वाटेल त्यांना." वारसाचा रकाना त्याच भिडेपोटी कोरा राहिला. बँकेतल्या बाईंनी परत परत विचारलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसासमोर असलं बोलणं अभद्र, म्हणून मीही जीभ आवरली. भिडेची भीक झाली, ती अशी.

तेराव्याला सयाजीभावजी म्हणाले, "आप्पांची मुंबईकडं ठेव आहे म्हणं. तिघा भावांत सारखी करून टाकू, वाद नको." शहाजीभावजींनी मान हलवली. मी ह्यांच्याकडे बघितलं. बापाच्या तेराव्याला पैशाचं नाव काढणं ह्यांना जमेना. हे तुमच्याकडे बघत होते. थोरली बहीण, सगळं डोळ्यांनी बघितलेली. तुम्ही मूग गिळून पंगतीत भात वाढत होतात.

संध्याकाळी मीच विषय काढला. सयाजीभावजी म्हणाले, "सुभाषनं म्हणू दे की त्याचे पैसे आहेत म्हणून." ह्यांनी म्हटलं नाही.

मग बँकेनं सगळ्या वारसांच्या सह्या मागितल्या. तुम्ही हक्क सोडलात. "मला माहेरचं काही नको" म्हणालात आणि गावात तुमचं नाव झालं. वन्सं, तुम्ही सोडलंत ते तुमचं नव्हतंच, आणि आप्पांचंही नव्हतं. ह्यांच्या पाच वर्षांच्या ओव्हरटाइमची कमाई होती ती. "रागावली नाहीस ना?" असं तुम्ही पत्रात विचारलंत. रागावलेय. फार रागावलेय.

तरी तुमचंही कळतं मला. बोलला असतात, तर सयाजीभावजींचं दार बंद झालं असतं. बाईला पन्नाशीतही माहेर लागतं, उलट जास्तच लागतं. तुमचं माहेर राहिलं. कमळाकरकाकांनाही मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जमिनीचं पैसं आलं तवा आमच्यात पन असाच झाला. सोड पोरी." दर वर्षी भाडं मात्र वाढवतात.

ह्यांचा तिसरा हिस्सा आला. तेवढ्यात कुणी बुकिंग घेत नाही. पुन्हा जमवू, असं मी पहिल्या आठवड्यात म्हटलं. आता म्हणत नाही. हे ओव्हरटाइमही घेत नाहीत. कशासाठी घ्यायचा, म्हणतात.

हे सगळं मी गिळलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा जेवताना हे मला म्हणाले, "काय सांगावं वैशाली, त्यात आप्पांचेही थोडे असतील." मी ताटावरून उठले. ज्या माणसानं राबून पैसे जमवले आणि स्वतः जाऊन भरले, तो असं म्हणतो. भावांना चोर म्हणायचं नाही, तुम्हाला खोटं म्हणायचं नाही, म्हणून स्वतःलाच खोटं पाडतोय.

भावांना काही कळवू नका. सही मागे घ्या, असंही म्हणत नाही. त्यानं आता काही होणार नाही. फक्त ह्यांच्या नावानं एक ओळ लिहा, की पैसे तुझेच होते, मला माहीत आहे. माझ्या सांगण्याला आता ह्यांच्या लेखी किंमत नाही. बायको आहे, म्हणणारच.

नाही लिहिलंत, तरी तुमच्याशी बोलणं सोडणार नाही. पण रोज ऐकून ऐकून एक दिवस मलाही वाटायला लागेल, की असतील बाई आप्पांचे. त्या दिवसाची मला भीती वाटते.

भाविकाचा नमस्कार. ह्यांना हे पत्र दाखवलेलं नाही.

तुमच्या भावाची बायको,
वैशाली