शहाण्णव अंडी, चार बल्ब

५ जानेवारी
सकाळी आठला बटन दाबलं. पेटीत चार बल्ब, शहाण्णव अंडी. आठ बायकांची बारा-बारा, प्रत्येकीचं नाव पेन्सिलनं अंड्यावर. एकवीस दिवस ऊब मिळाली की पिल्लं. बचत गटात बारावी सायन्स झालेली मी एकटी, म्हणून पेटी माझ्या मागच्या खोलीत आणि जबाबदारी माझ्या डोक्यावर! शेजारच्या सुगंधाबाईनं उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी मला दिली. म्हणाली, "तुह्या भरवशावर देऊन राह्यली, पुनम. पेटीच्या नाई."

७ जानेवारी
पारा ३५ वरच. साडेसदतीस हवा. पेटी देणाऱ्या गोंडपिपरीच्या साहेबांना तीनदा फोन. तेच ते — चार बल्ब, शंभराचे, म्हणजे चारशे वॅट, भरपूर होतात मॅडम. अहो, पण बल्ब पिवळे पडलेत! ते फोनवर कसं दाखवू?
पेटीवर घरातल्या दोन्ही जाड गोधड्या टाकल्या. त्यातली एक आचलची. रुसून बसली. सात वर्षांच्या पोरीला काय समजावणार! जुनी साडी चौपदरी करून दिली.

९ जानेवारी
शाळेतल्या सरांकडून मीटर मागून आणला. पेटीपाशी १६० व्होल्ट! २३० पाहिजेत.
वही काढली. शंभर वॅट भागिले २३० व्होल्ट, करंट ०.४३ अँपिअर. व्होल्टला करंटनं भागलं की रोध — ५३० ओहम. तो रोध तोच धरला, तर १६० व्होल्टवर करंट फक्त ०.३. आणि १६० गुणिले ०.३ म्हणजे ४८ वॅट. नाव शंभराचं, काम अठ्ठेचाळीसचं! चौघे मिळून दोनशेसुद्धा नाहीत.
साहेबांना सांगितलं. म्हणाले, बल्बवर शंभर लिहिलेलं आहे ना? लिहिलेलं आहे हो! पारा काही ते वाचत नाही.

१० जानेवारी
माझी खात्री होती की सुगंधाबाई पाणी तापवायला हीटर लावते आणि आमचे व्होल्ट खाते. सकाळी जाऊन तोंडावर बोलले. तिनं बोर्डाकडे बोट दाखवलं. मीटर लावला. २२५! हीटर नाहीच तिच्याकडे, चुलीवर पाण्याचा पितळी गुंड ठेवलेला. वर मला चहा पाजला.

१२ जानेवारी
बॅटरीच्या उजेडात अंडी धरून पाहिली. सत्तरांत लाल शिरा दिसल्या. सत्तर जीव! मोजता मोजता रडूच आलं, कशाला खोटं लिहू.
मांजर पेटीपाशी येत नाही हे एक बरं. दिवसभर आचलच्या खाटेवर, भिंतीला चिकटून पसरलेलं असतं.

१५ जानेवारी
आणखी दोन बल्ब बसवले. हिशेबानं २९० वॅट व्हायला पाहिजेत. बटन दाबलं — व्होल्टेज १६० वरून घसरून १४०! म्हणजे मी बल्ब वाढवते आणि कोणीतरी व्होल्ट पळवतं. डोकं फिरायची वेळ आली. पारा कसाबसा ३६.
आचलची वेगळीच भुणभुण. "आई, भिंत गरम लागते." म्हटलं, बाई गं, तुला तरी गरम लागतंय, माझ्या अंड्यांना लागू दे! पाढे म्हणायला बसवलं.

१६ जानेवारी
लाईनमन लालसूभाऊ आज येतो म्हणाला. आला नाही.

१७ जानेवारी
आज पण नाही.

१८ जानेवारी
लालसूभाऊ उगवला एकदाचा. मीटरबॉक्सपाशी २२५. पेटीपाशी १४०. तारेला चिमटा लावून करंट पाहिला, १.६ अँपिअर. पेटीशिवाय काहीच चालू नव्हतं. म्हणाला, "लोचा तुमच्या घरातल्या तारेत हाय. आपलं काम मीटरपर्यंत." आणि गाडीला किक!
संध्याकाळी आचलच्या बाबांना फोन लावला. मिरची तोडायला तेलंगणात गेलेत. जायच्या आधी मागच्या खोलीत लाईन त्यांनीच नेली होती. जोड आहे का कुठं? आहे म्हणे. तार पुरली नाही, तर जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची पिळून जोडली. टेप नव्हता, प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली. भिंतीत घालून वरून मातीनं लिपलं. "मजबूत मारला हाय, घाबरू नको." कुठं ते लक्षात नाही! वर मलाच विचारतात, धानाचं वाळलेलं तणस मागच्या भिंतीला रचलं ना? रचलं, तुमच्या तणसाला काय झालंय!
हिशेब केला. २२५ वजा १४०, हरवले ८५. भागिले १.६ — ५३ ओहम. दहा पावलांच्या तारेला एक ओहमसुद्धा नसतो, सगळा रोध त्या जोडातच. चला, चोर सापडला! माझं गणित बरोबर होतं, साहेब चूक, लालसूभाऊ पळपुटा, आचलचे बाबा तर चूकच. उद्या जोड शोधते आणि बल्ब कसे लखलखतात बघते.

१९ जानेवारी
दुसरा गुणाकार कालच करायला हवा होता. ८५ गुणिले १.६ — १३६ वॅट. जोडात. बल्बसारखे, पण काचेशिवाय, पन्नीत.
आचलच्या उशीमागे भिंतीवर हात ठेवला आणि झटकन काढला. आधी मेन काढला, मग विळ्यानं माती खरवडली. पन्नी वितळून गेलेली. मातीतलं तणस काळं. भिंतीपलीकडे तणसाचा अख्खा ढीग.
पेटी थंड होतेय. सत्तर अंडी आहेत. होऊ दे. आचलची गोधडी तिला परत दिली.