टेप खुंटीवर

प्रिय धाकट्या,

गळ्यातली मापाची टेप काढून तू ती चार बोटांभोवती गुंडाळत होतास, तेव्हा मी ट्रायल रूममध्ये एका बाहीचा कोट घालून उभी होते. दुसरी बाही टाचण्यांवर. तुझ्याकडचा पडदा कधी नीट लागत नाही. फटीतून कापायचं टेबल दिसत होतं. टेप खुंटीवर टांगलीस. शटर अर्ध्यावर ओढलंस. मग वडिलांच्या वेळची जाड लाकडी पट्टी उचललीस आणि म्हणालास, "काका, जरा हात टेबलावर ठेवा." इतकी वर्षं दुकानात कापड कापणाऱ्या काकांनी ठेवला. बिचाऱ्यांना वाटलं, काही दाखवतोयस.

चूक त्यांची होती, हे तू वकिलाला, जजला, चहावाल्यालाही सांगशील. होतीच. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेने यायला हवी. काकांनी पाठीचा तुकडा उलटा कापला. गिऱ्हाईक बाईंनी आरशात वळून विचारलं, "हे दोन वेगळ्या कापडांतून शिवलंय का हो?" तू हसलास. त्यांना दारापर्यंत सोडलंस, पुढच्या आठवड्याचा वायदा केलास. मखमल हा बचाव कुठल्याच कोर्टात चालत नाही. मी तरी ऐकलेला नाही.

आज दुपारी तुझी बायको माझ्या सहीसाठी वकीलपत्र घेऊन आली, मी तुझी वकील व्हावं म्हणून. स्वतः यायला तुला लाज वाटली असेल, असं क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "ताई, ते जेवून जरा पडलेत. पहिलीच वेळ आहे, सोडतील ना?" तर ऐक. उद्या दुपारी पोलीस ठाण्यात बोलावलंय तेव्हा वेळेवर जा. वकील बरोबर घे, आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तुझं तोंड तुझा सगळ्यात मोठा शत्रू आहे. अटक झाली तर जामीन बहुतेक मिळेल. अट असेल, काकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. बायकोच्या हाती फळं पाठवणं हेही त्यातच येतं. पुढे तारखा पडतील. एका तारखेला साक्षीदार नसेल, दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. व्हरांड्यातल्या बाकावर तू बसशील, आणि शेजारचा पाकीटमार तुला विचारील, "तुम्ही कशात?" त्याला मखमल सांगून बघ.

नुसता मार असता तर गोष्ट लहान होती. अंगठ्यामागचं हाड मोडलंय. हाड मोडलं की कलम वजनदार होतं, आणि कापणाऱ्याचा उजवा हात म्हटल्यावर जज आणखी दोनदा वाचतो. तडजोड काकांनी मनापासून मानली आणि कोर्टाने परवानगी दिली तरच. पहिला गुन्हा म्हणून चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतात, हे खरं. ती सवलत मागावी लागते, आणि मागताना माणूस ओशाळलेला दिसावा लागतो. तू जेवून पडलेला असतोस.

आणि बायकोकरवी मला कळवलेलं ते तुझं "एकदम डोकं फिरलं". तुझ्या मित्रमंडळाने हे शिकवलं असणार. त्यांच्यातल्या प्रत्येकाचं डोकं बारा महिने फिरलेलंच असतं. डोकं फिरलेला माणूस हातात येईल त्याने मारतो. टेप गुंडाळून जागेवर ठेवत नाही. लहानपणी तू वह्या नीट रचून ठेवायचास आणि मग मला चिमटा काढायचास. आई म्हणायची, पोरगा किती टापटिपीचा. काकांना मी दवाखान्यात नेलं, टाचण्यांसकट. तू मागे थांबून दुकानातले दिवे मालवलेस.

तासभर मला कळेना, गावभर वकील पडलेले असताना तुला मीच का हवी. "बहिणीशिवाय आपलं कोण?" हा तुझा निरोपही तिनेच सांगितला; असं काही तुझ्याकडून ऐकायला मी एवढी वर्षं थांबले होते, म्हणून कळायला वेळ लागला. तुला माहीत आहे, मी पडद्यामागे होते. पोलिसांना मात्र तू सांगितलंयस, काका घसरले आणि हात टेबलाच्या कडेवर आपटला. दुकानात तिसरं माणूस फक्त मी. एकदा मी तुझी वकील झाले की तुझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहणार नाही. मापात तू कधीच चुकत नाहीस. वकीलपत्र सही न करता परत पाठवते आहे. दुसरा वकील शोध, आणि त्याला पहिल्याच भेटीत खरं सांग. ट्रायल रूममधून काय दिसतं, ते मी ठाण्यात सांगणार आहे. तुला हे कुणा परक्याकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तुझीच, नाइलाजाने,
ताई

ता. क. पत्र रात्रीच लिहिलं होतं, तेव्हा वरचं 'उद्या' म्हणजे आजच. आज सकाळी ठाण्यात जाऊन जबाब दिला, वाचून सही केली. जुनाच कोट घालून गेले. नव्याची बाही अजून टाचण्यांवरच आहे.