प्रत्येक दारात एक माणूस

श्यामेनकर वेनचाव भावजींना,

गोल घरातल्या छाईयुनवहिनीचा नमस्कार, आणि सोबत आशीर्वादही, कारण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमचं वाहतं नाक मीच पुसत होते. तब्येत कशी आहे? लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहून गुडघे गंजले नाहीत ना? इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांची कंबर धरलेली आहे, पण ती फक्त कामाच्या वेळी. सातव्या आजोबांना नव्वदावं लागलं. तोंडात दात एकच उरलाय आणि त्याच्या जोरावर ते अजून भाजलेल्या शेंगा खातात. सासूबाई ठणठणीत आहेत. तुमचं नाव मात्र अजून घेत नाहीत, अगदीच अडलं तर "तो श्यामेनवाला" म्हणतात. (दुकानातल्या फोनवर बोलले असते, पण तिथे आपण एक शब्द बोलायचा आणि रांगेतल्यांनी त्यावर सल्ला द्यायचा. म्हणून कागद घेतला.)

त्या नववर्षाच्या जेवणात तुम्ही आपल्या घराला "मातीचं मडकं" म्हणालात आणि सगळ्यांनी शहरातल्या फ्लॅटमध्ये चला असा आग्रह धरलात, त्यावर सासूबाईंनी "मग तिकडेच झोप, इथे तुझ्यासाठी पांघरूण नाही" म्हणून ऐकवलं, आणि तुम्ही बदकाच्या मांडीला तोंडही न लावता उठून गेलात. ते सगळं मी उकरून काढत नाही. तुम्ही दोघं एकाच मातीचे, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. त्या दिवशीच त्यांनी तुमच्या वरच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी बदकांच्या तळ्यात पडली असं जाहीर केलं. एवढंच ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

तर ऐका. शरदात, पर्सिमनची फळं वाळत घातली होती तेव्हा, बीजिंगहून हान नावाच्या एक बाई आल्या, गळ्यात दोन कॅमेरे. बादशहांचे महाल, लांबलचक भिंत, राजांची थडगी, सगळ्यांचे फोटो काढून झालेत म्हणे. घाटातल्या बसनं त्यांचं पोट पार रिकामं केलं होतं. दरवाजातून आत आल्या, वर पाहिलं, आणि अंगणाच्या मधोमध दगडगोट्यांवर सरळ उताण्या पडल्या. मला वाटलं, बाई गेली. बादली घेऊन धावले आणि सगळी तोंडावर ओतली. तर निथळत निथळत म्हणतात, "ताई, पाणी राहू द्या, जरा बाजूला सरका. तुमच्या डोक्याआड आकाश येतंय." मग त्यांनी मलाही शेजारी निजवलं. भावजी, या अंगणात मी जन्मभर भांडी घासली, पण खाली मान घालून. उताणी कधी पडले नव्हते. चारी बाजूंनी सज्जे वर वर चढत जातात, आणि त्यांच्यावर गोल आकाश, इतकं नेमकं की कुणी तिथे ठेवल्यासारखं. आपल्या पणजोबांच्या आजोबांनी माती तुडवून हे उभं केलं, आणि मी त्यात मोहरीची भाजी वाळत घालते. छातीत काहीतरी हललं. (नंतर कळलं की एक कोंबडी बसली होती. पण आधीचं हलणं खरंच होतं.)

बाई मुक्कामालाच राहिल्या. मी त्यांना नवा सिमेंटचा पूल दाखवायला नेलं, तर त्यांनी पुलाकडे पाठ करून पलीकडच्या आजीच्या टोपलीचा फोटो काढला. आपला झिजलेला उंबरठा, सांधलेलं झाकण, माझा भाजी चिरायचा लाकडी ठोकळा, कशापुढेही गुडघे टेकायच्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. सातव्या आजोबांच्या मागे तर त्या सकाळभर फिरल्या, शेवटी आजोबा थांबले आणि मला विचारलं, "छाईयुन, मी मेलो का ग? जिवंत माणसाच्या मागे कुणी इतकं चालत नाही."

पण त्याच दिवशी जेवताना आजोबांनी बाईंना बसवून घेतलं आणि म्हणाले, "काढायचाच तर घराचा काढ. प्रत्येक दारात एक माणूस असलेला. मी लहान होतो तेव्हा मधे उभं राहून हाक मारली की सगळ्या मजल्यांवरून उत्तर यायचं. तेवढं एकदा बघून जातो." आम्ही सगळे आपापल्या वाटीत बघू लागलो. भाऊबंदांची दारं चाळीसच्या वर, माणसं उरलीत जेमतेम चौदा. बाकीचे कुणी श्यामेनला, कुणी समुद्रापलीकडे. पण नव्वदीच्या माणसाला नाही कोण म्हणणार?

मग तुमचे दादा कोंबडी आणि तांदळाची दारू घेऊन (कंबर त्या दिवशी बरी होती) खालच्या चौकोनी घरवाल्यांकडे गेले. हो, त्यांच्याचकडे, ज्यांच्या छपराचा अपशकुनी कोपरा आपल्या दरवाजावर नेम धरून आहे आणि ज्यांच्याशी आपण बोलत नाही. म्हटलं, माणसं उसनी द्या. ते झाडून सगळे आले. त्यांच्या म्हातारीनं आल्या आल्या माझी चूल पाहिली आणि म्हणाली, "अगबाई, अशी काळी ठेवायची पद्धत आहे का तुमच्यात?" मी आजोबांकडे बघून गिळलं.

दारं वाटताना तुमच्या दादांनी तुमच्या दारात चौकोनी घरचा न्हावी उभा केला, आणि सासूबाई झाडू घेऊनच आल्या. ते दार बंद राहील, चावी तळ्यात आहे, बदकांना विचारा. आजोबा म्हणाले, अग, एका दारानं फोटो अधू दिसेल. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "एका दातानं शेंगा खाता ना, मग एका दारानं काय अडतंय?" आणि बदकं हाकायला निघून गेल्या. बिचाऱ्या न्हाव्याला धान्याच्या मजल्यावर पाठवलं.

फोटोच्या सकाळीही सासूबाई बदकांकडेच गेल्या, बाकी सगळे लग्नातले कपडे घालून दारादारांत ताठ, हात मांडीला चिकटवून, डोळे न लवता उभे. बाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखे नका उभे राहू, रोज करता ते करा. आता रोज आपण काय करतो हे ऐनवेळी कुणाला आठवतंय? तुमच्या दादांनी जन्मात पहिल्यांदा केरसुणी हातात घेतली, तीही उलटी. न्हाव्यानं समोर दिसलेल्या माणसाला साबण फासला. चौकोनी घरची म्हातारी माझे मुळे धुवायला बसली आणि ते किडके आहेत असं वरच्या मजल्यापर्यंत ऐकवू लागली. असा कालवा या घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता. आणि मग ऊन गोल छपरावरून आत उतरलं, चुलींचा धूर त्यात चढू लागला, आणि मधे खुर्चीवर बसलेल्या आजोबांनी मान वर करून रोजच्यासारखी हाक दिली, "जेवलात का रे?"

"जेवलो," सगळ्या मजल्यांवरून उत्तर आलं. आपलेही म्हणाले, उसनेही म्हणाले. भिंतींनी तो आवाज गोल फिरवून पुन्हा खाली आणला. माझ्या अंगावर काटा आला, भावजी. म्हातारीच्या हातातला मुळा हातातच राहिला. बाईंनी फोटो काढला तो तेव्हाच. आजोबा बराच वेळ नुसते हसत होते, तो एक दात दाखवत.

काल फोटो टपालानं आला, जेवायच्या टेबलाएवढा. आम्ही सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. हे आपलं घर? दारात माणसं, माणसांवर ऊन, आणि एवढ्या मोठ्या गोलात आम्ही मुठीत धरलेल्या दाण्यांसारखे. तुम्ही मडकं म्हणालात ते तसं खरंच आहे, पण किती माणसं मावतात त्यात ते एकदा बघाच. आजोबा भिंग घेऊन एकेक दार मोजीत गेले, आणि वरच्या मजल्यावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, "हे दार उघडं आहे."

तुमचं दार, भावजी. आणि त्यासमोर, कठड्याशी, बदकं हाकायला गेलेल्या तुमच्या आई. तुमची निळी रजई, ती मोठ्या फुलांची, कठड्यावर टाकून दोन्ही हातांनी थोपटतायत. कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. साऱ्या फोटोत खरंखुरं रोजचं काम करणारं माणूस तेवढं एकच. आजोबा म्हणाले, "मला ठाऊक आहे की. तुम्ही शेतावर जाता, मी अंगणात बसलेला असतो. ऊन पडलं की ती वर जाते." सासूबाई चुलीकडून न वळताच म्हणाल्या, "कसर लागते. रजईचा काय दोष?"

मी काही तुम्हाला या म्हणत नाही. तुम्ही कामाची माणसं, आणि मानी. मी आपली हकीकत कळवली. तब्येतीला जपा.

तुमची,
छाईयुनवहिनी

ता. क. एक काम आहे. फोटोला काच हवी, आणि एवढी मोठी इकडे मिळत नाही. श्यामेनला मिळेल. पार्सलनं पाठवाल तर घाटात तिचे तांदूळ होतील, हातानंच आणावी लागेल.

ता. क. २. पत्र कुणाला चाललंय म्हणून सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, काचवाल्याला. त्या बराच वेळ डाळ निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "लांबून येणार, त्याला रात्र राहावं लागेल. लिही, पांघरूण आहे म्हणावं."

ता. क. ३. काचेचं माप विचारू नका. काच तुमच्या दादांनी आज सकाळीच बसवली.