दोन बोटं कमी

पारासेलिस, १२ जानेवारी १९९६

चि. पुरिंग,
आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. मागितलं होतं डोक्याचं माप, आणि तू पाठवलंस काय? पांघरूण आणि साबणाच्या वड्या. हाँगकाँगात धागा मिळत नाही का? तुझ्या लग्नातल्या डोक्यावरच्या मण्यांच्या पट्टीचा दोरा उंदरांनी कुरतडला, हे मागेच कळवलंय. मणी सुपात घेऊन आई बसून आहे. दिसत तर नाही, बोटांनी ओवते. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर माप घे, आम्हा दोघी बहिणींची डोकी सारखीच, लहानपणी माझीच पट्टी ओढून घालायची पुरिंग. ऐकत नाही. जिची पट्टी तिचंच माप, म्हणते. बारा वर्षांत तू आली नाहीस, निदान धागा तरी येऊ दे. कपाळावरून, केसांवरून फिरव आणि तोड, एवढंच काम.
लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.
तुझी ताई,
दोमिंगा

हाँगकाँग, ३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.
तुझा राग पोचला. पांघरूण आईला आवडलं की नाही, ते नाही लिहिलंस. सोबत धागा आहे. माझ्या मालकीणबाई चांगल्या आहेत, हल्ली मला स्वयंपाकही करू देत नाहीत. यंदाही यायला जमेलसं वाटत नाही. आईला म्हणावं, पट्टी जड करू नकोस. आणि फार दिवस लावू नकोस.
लोभ असू द्यावा, रागासकट.
तुझी पुरिंग

पारासेलिस, २० फेब्रुवारी

चि. पुरिंग,
धागा मिळाला. आईने तो दोनदा चाचपला आणि मला म्हणाली, तुझ्या डोक्याला लावून बघ. दोन बोटं कमी भरला. मी म्हटलं, चुकून आखूड तोडला असेल. ती म्हणाली, तुमची दोघींची डोकी मी विंचरलीत, कवटी लहान होत नाही, केस गेलेत तिचे. मग तुझं पत्र मला पुन्हा वाचायला लावलं. पहिल्यांदा वाचताना मी हसले होते, बाई फारच लाडावून ठेवते हिला म्हणून. दोनच वर्षं शाळेत गेले मी, पण एवढं वाचता यायला हवं होतं.
आई रडली नाही. तुझ्या मापाने ओवतेय. फक्त शेवटची गाठ मारत नाही, दोन बोटं दोरा मोकळा ठेवते. केस परत येतात, म्हणते. नाहीच आले, तरी तुळतुळीत डोक्यावरही बसेल.
आजार कुठला, कधीपासून, आणि कोणत्या दिवशी येतेस, एवढंच लिही. पांघरूण आईच्या अंगावर आहे. मागच्या वेळी राहिलेले आशीर्वादही यातच घे.
दहा मार्चच्या आत उत्तर आलं पाहिजे.
ताई