बर्फातली म्हातारी हसत नव्हती

आणि वर मलाच गप बसवलंस, बाबा. भरल्या लोकांत. मी तेव्हा चौथीत, तू शाळेची पायरी चढला नाय, आणि त्या बर्फाच्या देशातली माणसं काय बोलतात ते तुला ठाऊक, मला नाय! मी एवढंच विचारलं होतं, पिक्चरमधली ती म्हातारी हसते का रडते. तर हातातली काठी माझ्याकडं वळवलीस. "गप गो. तोंड बघायला शिक." शिकले. चाळीस वर्षांनी काल परत बघितलं ते तोंड. ती हसत नव्हती.

धसईला बाजाराच्या दिवशी दुपारी तू भाताच्या गोदामात व्हिडिओ लावायचास. खिडक्यांना गोणपाट, पुढं बायका, मागं बापे. हिंदी कॅसेटी दुसरे आधीच उचलायचे, तुझ्या वाट्याला उरलेसुरले परदेशी पिक्चर. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. तू टीव्हीच्या बाजूला काठी घेऊन उभा राहिलास आणि सांगायलाच लागलास. "हा त्यांचा पोलीस पाटील. ही त्याची सासू, बघा कशी बघते, तुमच्यासारखीच." बायका पदर तोंडात कोंबून हसतायत, मागून कुणी ओरडतोय, "अरे, तिला सून हाय का?" मग मधेच पिक्चरमधला कुणी नुसता चहा ओततो, बाहेर वारा सुटलेला असतो, आणि तू काठी खाली करतोस. "इथं काय बोलायचं नाय. नुसतं बघा." आणि धसईचा बाजार गप बसून एका परक्या माणसाचा चहा बघतो. ते याड मला तुझ्याकडनं लागलं. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, याड काय गेलं नाय.

आता शहापूरला माझी लेक टीव्हीला मोबाईल जोडून देते. जपानचे, इराणचे, कोरियाचे, कुठकुठले. खाली हिंदी पट्टी येते, ती मी आता बोट न फिरवता वाचते. परवा एका जुन्या पिक्चरमध्ये एक बाई किती वेळ नुसती चादरीची घडी घालते, उलगडते, परत घालते. मला कळलं, हिचा नवरा गेला सोडून. पट्टीवर एक अक्षर नव्हतं. नव्या पिक्चरांत चांगलं असतं, पण कॅमेरा फार पळवतात. मी ओरडते, "अरे थांब जरा, तिचं तोंड तर बघू दे!" लेक म्हणते, "आये, तो डायरेक्टर शहापुरात नाय राहत."

मग मीच तिला म्हटलं, माझ्या बापाचा एक पिक्चर शोध. बर्फ, दारात बकरी, शहरात गेलेल्या पोराची वाट बघणारी म्हातारी. चार दिवसांनी सापडला. तीच बकरी. पोस्टमन येतो, म्हातारीला वाचता येत नाय, ती कागद त्याच्याच हातात देते. तो टोपी काढतो आणि वाचतो. तू काय सांगितलं होतंस? "पोरगा लिहितो, आये, कापणीला येतो. म्हातारीला हसू आवरंना!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पुढंच बसलेली तुझी बहीण, माझी आत्या, उठून उभी राहिली. तिचा पोर तीन महिन्यांपूर्वी माळशेजच्या रस्त्यावर एका ट्रकात बसून कामाला गेला होता, चिठ्ठी नाय, चपाटी नाय. "बघ दादा, येतात पोरं!" तू म्हणालास, "येणार बाय. न येऊन जातो कुठं?"

काल पट्टीवर होतं, तुमचा मुलगा आता नाही. टोपी काढलेली दिसते, पोस्टमन मान वर करत नाय. तू बैलाचं तोंड बघून दुखणं सांगायचास बाबा, तुला हे कळलं नाय? कळलं होतं. तू टीव्हीकडं नाय, पुढं बसलेल्या बहिणीकडं बघून सांगत होतास.

आत्या अजून वैशाखरे गावातल्या त्याच घरात एकटी आहे. औंदा पावसात मागली भिंत खचली, तीही पडली, काठीशिवाय चालत नाय. मी किती वेळा म्हटलं, चल माझ्याकडं. तर म्हणते, "आणि तो आला न् कुलूप बघून मागं फिरला तर? बर्फातला आला नाय का? तुझ्या बापानंच दाखवला ना!" आता लेकीनं फोनवर बोलून टाकलं की पिक्चर सापडला. आत्या बघायला येणार. तिला वाचता येत नाय, म्हणजे पट्टी मीच सांगायची. खरं वाचलं तर कदाचित माझ्याकडं राहील. कदाचित बसल्या जागी संपेल. तुझं सांगितलं तर खुशीत परत जाईल, त्याच भिंतीखाली. लेक म्हणते, "खरं वाच आये, दुसऱ्याचा पिक्चर आपण बदलायचा नाय." तिला काय जातंय बोलायला. ती कुठं त्या गोदामात होती.

हे पत्र टाकणार कुठं, वहीतच राहील. म्हणून एक सांगते. काल पिक्चर संपल्यावर लेक आंघोळीला गेली, तेव्हा मी पट्टी झाकायला टीव्हीच्या खालच्या कडेला टॉवेल खोचला, पिक्चर परत लावला आणि मोठ्यानं तुझंच सांगत बसले. शब्दन् शब्द पाठ आहे. आणि बाबा, जमतं रे. टोपी काढलेली असूनसुद्धा जमतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती येते. शनिवारी दिवे लागायच्या आत मला कळलं पाहिजे, काय वाचू. खरं का तुझं, एवढंच सांग.